गाडगेबाबांचा खराटा सगळ्यांना आठवतो, त्यांच्या विटांचे काय?

6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर अवघ्या 14 दिवसांनी, 20 डिसेंबरला, अमरावतीजवळच्या वलगावपाशी पेढी नदीच्या पुलाशी संत गाडगेबाबांनी प्रवासातच देह ठेवला. महाराष्ट्रातल्या गोरगरिबांनी पंधरवड्याच्या आत आपली दोन माणसे गमावली. म्हणूनच आंबेडकरी वस्त्यांमध्ये डिसेंबर महिन्यात या दोघांची आठवण बरोबरीने निघते.

अमरावती आणि अकोला हे दोन्ही जिल्हे बाबांना आपले म्हणतात, आणि दोघांचाही हक्क खरा आहे. जन्म अमरावती जिल्ह्यातला, बालपण अकोला जिल्ह्यातले, समाधी अमरावती शहरात. विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव आहे. पुण्यतिथीला महापालिकेचे पदाधिकारी हातात खराटा घेऊन रस्त्यावर येतात, फोटो निघतात, दुसऱ्या दिवशी पेपरात छापूनही येतात.

त्या खराट्याबद्दल तक्रार नाही. पण खराटा ठेवल्यावर बाबांनी आयुष्यभर आणखी एक काम केले. त्यांनी बांधकाम केले. ऋणमोचनचा घाट, मूर्तिजापूर, पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी आणि मुंबईतल्या धर्मशाळा हे सगळे एका निरक्षर, फाटक्या माणसाने भीक मागून उभे केले. ज्याला कोणी दारात उभे करत नाही, त्याच्यासाठी छप्पर उभारणे हा त्यांच्या आयुष्याचा अर्धा हिशेब आहे. आज अमरावती आणि अकोल्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये घरकुल, पट्टे आणि आरक्षण यांच्या फायली टेबलावरून टेबलावर फिरत असताना, बाबांच्या आयुष्याची ही बाजू सविस्तर सांगणे गरजेचे आहे.

घर गेले ते दारूपायी, शेत गेले ते सावकारापायी

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी शेंडगाव येथे झाला. हे गाव आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात येते. जात परीट. वडील झिंगराजी, आई सखूबाई. घरी थोडी शेती होती, पण झिंगराजींना दारूचे व्यसन जडले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. डेबू तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा होता. घरात काही उरले नाही, तेव्हा सखूबाई पोराला घेऊन माहेरी आली. तिचे माहेर म्हणजे मूर्तिजापूर तालुक्यातले दापुरे. मुलगा अमरावती जिल्ह्यातून अकोला जिल्ह्यात आला तो असा, आश्रित म्हणून.

मामाच्या घरी डेबूने गुरे राखली, पुढे नांगर धरला. शाळेचे तोंड पाहिले नाही. अंगमेहनतीला मात्र तो कुणाला हार जाणारा नव्हता. वऱ्हाडातली काळी जमीन, कापसाचे पीक आणि त्या कापसावर डोळा ठेवून बसलेला सावकार, हे त्या काळचे चित्र. मामा चंद्रभानजी यांनी कर्ज घेतले. फेडत राहिले, पण वहीतला आकडा कमी होईना. अक्षरओळख नसल्याने कोणत्या कागदावर अंगठा उठवला हे घरात कुणालाच कळले नाही. शेवटी जमीन सावकाराच्या नावावर गेली आणि त्या धक्क्यातून मामा सावरले नाहीत.

यानंतरचा प्रसंग बाबांच्या प्रत्येक चरित्रात येतो. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली, तेव्हा डेबू शेतातच काम करत होता. तो हटला नाही. त्याने त्या माणसांना पिटाळून लावले. गावाने असे कधी पाहिले नव्हते. पण या हिमतीपेक्षाही एक गोष्ट डेबूच्या मनात खोल गेली असावी. माणूस कितीही राबला तरी जमिनीचा कागद त्याच्या नावावर नसेल, तर त्याला कोणीही उठवू शकतो. पुढे लाखो रुपयांच्या इमारती उभारताना या निरक्षर माणसाने कागदपत्रांबाबत जी कमालीची काळजी घेतली, तिचे मूळ दापुऱ्याच्या त्या शेतात आहे.

1892 मध्ये डेबूचे लग्न कुंताबाईंशी झाले. मुले झाली. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटणाचे जेवण द्यायला हवे होते. डेबूने गोडाचे जेवण दिले. ज्या दारूने बापाचे घर बुडवले, तिला आपल्या घरात जागा नाही हे त्याने बोलून दाखवले नाही, पंगतीतून दाखवले. भाऊबंद नाराज झाले. तो बधला नाही.

ऋणमोचन : पहिले बांधकाम

1 फेब्रुवारी 1905 च्या रात्री डेबूने घर सोडले. अंगावर फाटके कपडे, हातात काठी आणि एक मातीचे फुटके गाडगे. जेवायला तेच भांडे आणि पाणी प्यायलाही तेच. पुढे डोक्यावरही तेच. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

पुढची 12 वर्षे ते भटकत राहिले. गावात शिरायचे, आधी रस्ता झाडायचा, नाली साफ करायची, मग कुणी दिली तर भाकरी घ्यायची. भाकरीसुद्धा फुकट नको, तिच्या बदल्यात काम हवे. किती ठिकाणी हाकलले गेले, किती ओसऱ्यांवरून उठवले गेले, किती रात्री झाडाखाली काढल्या याचा हिशेब नाही. घर असून बेघर होणे त्यांनी निवडले होते. पण ज्यांनी ते निवडलेले नसते त्यांच्यावर रात्र कशी येते, हे त्यांनी स्वतःच्या पाठीवर शिकून घेतले.

वर्षातून एकदा ते आपल्या मुलखात परतत, पौष महिन्यातल्या ऋणमोचनच्या यात्रेला. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीकाठी हे गाव आहे. यात्रेला हजारो माणसे येत. नदीचा काठ चिखलाचा, निसरडा. बायाबापड्या, म्हातारी माणसे घसरून पडत. बाबांनी आधी फावडे घेऊन वाट केली. दरवर्षी तीच वाट पुन्हा वाहून जाते हे पाहिल्यावर त्यांनी पक्का घाट बांधायचे ठरवले. 1908 मध्ये पूर्णेवर हा घाट उभा राहिला. पैसा लोकांकडून आला, श्रमही लोकांचे. कर्जापायी शेत गमावलेल्या घरातल्या माणसाचे पहिले बांधकाम ऋणमोचन नावाच्या गावात व्हावे, हा योगायोग वऱ्हाडी माणूस विसरणार नाही.

या घाटातून बाबांची पुढची सगळी पद्धत दिसते. आधी स्वतः काम करायचे, मग लोकांना कामाला लावायचे, आणि दरवर्षीची मलमपट्टी थांबवून कायमचे काहीतरी उभे करायचे.

ज्यांना दार नव्हते त्यांच्यासाठी

पंढरपूरला बाबा आषाढी-कार्तिकीला जात, पण त्यांचे लक्ष वाळवंटात आणि गल्लीबोळात पडलेल्या माणसांकडे असे. सवर्ण वारकऱ्यांसाठी मठ होते, वाडे होते, धर्मशाळा होत्या. महार, मांग, चांभार वारकरी पायी शेकडो मैल चालून येत आणि पावसात उघड्यावर झोपत. मंदिराचे दार त्यांना बंद होतेच, मुक्कामाचे दारही बंद होते. चोखोबांची समाधी मंदिराबाहेर, आणि चोखोबांची माणसे छपराबाहेर.

1917 पासून बाबांनी चोखामेळा धर्मशाळेचे काम हाती घेतले आणि ते पूर्णत्वास नेले. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांसाठी खुले झाले 1947 मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे देवाचे दार उघडण्याच्या कितीतरी आधी एका परटाच्या मुलाने माणसांसाठी दार बांधून ठेवले होते. त्यांनी देवळाबाहेर सत्याग्रह केला नाही. आधी डोक्यावर छप्पर हवे, बाकीचे मग, एवढाच त्यांचा साधा हिशेब होता.

इथे आजच्या वाचकाच्या मनात एक प्रश्न येईल, आणि तो यायलाच हवा. पंढरपुरात बाबांनी मराठा धर्मशाळाही बांधली. मग एका जातीसाठी एक आणि दुसऱ्या जातीसाठी दुसरी असे वेगळे छप्पर उभारणे म्हणजे जातिभेद मान्य करणेच झाले की नाही? प्रश्न रास्त आहे. कीर्तनातून जातीवर आसूड ओढणारा माणूस बांधकाम करताना जातीच्या भिंतीशी तडजोड करताना दिसतो. पण त्या काळात एकत्र धर्मशाळेत दलित वारकऱ्याला कोणी पाय ठेवू दिला असता का, याचेही उत्तर आपल्याला माहीत आहे. आणि बाबा त्या टप्प्यावर थांबले नाहीत. पुढे मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी उभारलेली धर्मशाळा पाहा. खेड्यातून आलेले रोग्यांचे नातेवाईक फुटपाथवर पडलेले त्यांनी पाहिले आणि त्यांच्यासाठी निवारा केला. तिथे जात विचारायचे कारणच उरले नाही. आत यायला एकच पात्रता होती, ती म्हणजे गरज. बाबांच्या पश्चात त्यांच्या मिशनने दादरलाही अशी धर्मशाळा चालवली. टाटा रुग्णालयात कॅन्सरच्या उपचारांसाठी जाणाऱ्या वऱ्हाडातल्या कितीतरी कुटुंबांनी तिथे रात्री काढल्या आहेत.

अकोला जिल्ह्यात बाबांचे मोठे केंद्र झाले ते मूर्तिजापूर. हे रेल्वेचे जंक्शन. मुंबई-नागपूर मार्गावर अकोला आणि बडनेऱ्याच्या मधोमध, आणि अचलपूर व यवतमाळकडे जाणाऱ्या छोट्या गाडीचे ठाणे. मजूर, गुराखी, बाजाराला निघालेले शेतकरी यांची रोजची ये-जा. 1925 मध्ये बाबांनी तिथे गोरक्षण सुरू केले, धर्मशाळा आणि शाळा उभारली. ज्या तालुक्यात तो आश्रित पोरगा म्हणून आला होता, त्याच तालुक्यात त्याने इतरांना आसरा दिला.

भिकेचा पैसा, पण हिशेब चोख

बाबा पैसा गोळा कसा करत आणि सांभाळत कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरांचा तास असे. ते लोकांना विचारत आणि लोकांकडूनच उत्तर काढून घेत. देव कुठे आहे, कर्ज कशाला काढता, पोराला शाळेत का घालत नाही, बोकड का मारता, अस्पृश्य कोणाला म्हणता. कीर्तन संपले की मदत येई. शेठ रोख रक्कम देई, शेतकरी धान्य देई, गवंडी आपले काम देई, ज्याच्याकडे काहीच नाही तो विटा वाहून देई.

यातला एक पैसाही बाबांनी स्वतःच्या अंगाला लावला नाही. इमारत उभी राहिली की विश्वस्त नेमायचे, रीतसर दस्त करायचा, कारभार त्यांच्या हाती सोपवायचा आणि आपण पुढच्या गावाला निघायचे, ही त्यांची रीत. या संस्थांवर आपल्या घरच्यांचा किंवा नातलगांचा काहीही हक्क राहणार नाही याची त्यांनी लेखी तजवीज केली. आई सखूबाई आणि पत्नी कुंताबाई झोपडीतच राहिल्या. लाखोंच्या वास्तू बांधणाऱ्याचे कुटुंब त्यातल्या एकाही वास्तूचे मालक झाले नाही.

या निष्ठुरपणाचा भार कुंताबाईंनी वाहिला, हेही नोंदवले पाहिजे. नवरा घर सोडून गेला, संसार तिच्या मजुरीवर चालला. 1923 मध्ये मुलगा गोविंद वारला. बाबांना ही बातमी कोकणात खारेपाटणला कीर्तन करताना कळली आणि त्यांनी कीर्तन थांबवले नाही. हा प्रसंग आपण बाबांच्या थोरवीचा म्हणून सांगतो. पण त्या वेळी कुंताबाई आपल्या दुःखात एकट्या होत्या, हे सांगायचे राहून जाते. बाबांच्या प्रत्येक धर्मशाळेच्या पायात या बाईचेही आयुष्य आहे.

8 फेब्रुवारी 1952 रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली, म्हणजे विखुरलेल्या संस्थांना एक व्यवस्था मिळाली. बाबा कोणाला शिष्य करून घेत नसत, पायाला हात लावू देत नसत, आपले देऊळ होऊ देत नसत. मागे ठेवायची ती चालती संस्था, गादी नव्हे.

बाबासाहेब आणि बाबा

एक परदेशात शिकलेला बॅरिस्टर, दुसऱ्याला अक्षरओळख नाही. तरी दोघांमध्ये विलक्षण जिव्हाळा होता. 1949 मध्ये बाबा मुंबईत आजारी पडले, तेव्हा देशाचे कायदामंत्री असलेले बाबासाहेब त्यांच्या भेटीला गेले. याच काळात बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. कारण स्पष्ट होते. वारीत चार रात्री आसरा देणाऱ्या वास्तूपेक्षा वर्षभर मुलांना राहून शिकता येईल अशी वास्तू समाजाला अधिक हवी होती. 30 वर्षे जपलेली इमारत अशी हातावेगळी करायला मोठे मन लागते.

बाबासाहेबांनाही छपराचे मोल पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. बडोद्यात नोकरीला गेले तेव्हा मोठ्या पदव्या असूनही त्यांना राहायला जागा मिळाली नाही, शहर सोडावे लागले. उलट मुंबईत परळला ते 1912 पासून 1934 पर्यंत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिले. हा ट्रस्ट प्लेगनंतर 1898 मध्ये कायद्याने स्थापन झाला होता. त्याच्याकडे शहरसुधारणेबरोबर गरिबांसाठी निरोगी घरे बांधण्याचे काम होते आणि 1933 मध्ये तो मुंबई महापालिकेत विलीन झाला. म्हणजे मूकनायक, महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद या सगळ्या काळात बाबासाहेबांचे बिऱ्हाड एका स्थानिक संस्थेने बांधलेल्या गरिबांच्या चाळीत होते. दोन छोट्या खोल्या. त्या खोल्या नसत्या तर काय, याचा विचार करून पाहावा.

वऱ्हाडातही स्थानिक संस्थेची ताकद दिसली होती. 1928 मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या झाल्या. बाबांना 100 कीर्तने करून जे मन वळवावे लागे, ते काम सभागृहातला एक ठराव करू शकत होता. पण ठराव करणारा माणूस तिथे असावा लागतो.

आज कायदा काय मागतो

बाबांच्या काळात बेघराला आसरा देणे पुण्यकर्म होते. आज ते कर्तव्य आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांची कामे लिहिली आहेत, त्यात झोपडपट्टी सुधारणा, नागरी दारिद्र्य निर्मूलन आणि दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण ही तीन कामे स्पष्ट आहेत. अमरावती महापालिका 1983 ची, अकोला महापालिका 2001 ची. या दोन्ही शहरांत हे कर्तव्य कोणत्या वाटांनी पार पाडता येते, ते एकेक करून पाहू.

पहिली वाट रात्रनिवाऱ्याची, म्हणजे थेट बाबांच्या धर्मशाळेची. अन्न अधिकाराच्या खटल्यात 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहरी बेघरांसाठी दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हे प्रमाण घालून दिले. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातही तेच प्रमाण धरले गेले : लाखामागे किमान 100 माणसांची सोय, माणशी 50 चौरस फूट जागा, बाराही महिने, चोवीस तास. 2011 च्या जनगणनेत अमरावतीची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख होती आणि अकोल्याची सव्वाचार लाख. म्हणजे त्या जुन्या आकड्यांवरसुद्धा अमरावतीत किमान सहा आणि अकोल्यात चार निवारे हवेत. आपल्या शहरात चालू स्थितीत किती आहेत, तिथे अंथरूण, पाणी, संडास आहे का, हे कोणताही नागरिक जाऊन मोजू शकतो.

दुसरी वाट घरकुलाची. प्रधानमंत्री आवास योजना शहरात 2015 मध्ये आली. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अडीच लाख रुपये टप्प्याटप्प्याने मिळतात. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी राज्याची रमाई आवास योजना आहे, त्यात 269 चौरस फुटांचे घर बांधायला मदत मिळते. दोन्ही योजनांचे अर्ज, याद्या आणि हप्ते महापालिकेतूनच जातात. पण दोन्हींची पहिली अट एकच, पायाखालची जागा आपल्या नावावर असली पाहिजे. ज्याच्याकडे जागा आहे त्याला घर मिळते आणि ज्याच्याकडे जागाच नाही, जो सर्वांत गरजू आहे, तो यादीबाहेर राहतो. दापुऱ्याच्या शेताची गोष्ट इथे पुन्हा समोर येते. कागद नाही, तर काहीच नाही.

म्हणून तिसरी वाट पट्ट्याची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. विदर्भातल्या शहरांमध्ये आपल्या अनेक वस्त्या नझूलच्या, महसूल खात्याच्या किंवा पालिकेच्या जागेवर पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत. 1 जानेवारी 2011 पूर्वीची शासकीय जमिनीवरची राहती अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा निर्णय राज्य सरकारने 2018 मध्ये घेतला, तो घरकुलाचा अडसर दूर व्हावा म्हणूनच. यासाठी वस्तीचे सर्वेक्षण व्हावे लागते, मोजणी व्हावी लागते, जागा कोणाची हे ठरावे लागते. खासगी किंवा रेल्वेची जागा असेल तर नियम वेगळे. ही किचकट कामे आहेत आणि यातले प्रत्येक काम एखाद्या टेबलावर थांबू शकते. वस्तीतल्या माणसांनी एकत्र येऊन पाठपुरावा केला तरच ते हलते. एकेकट्याचा अर्ज ढिगाखाली जातो.

चौथी वाट विकास आराखड्याची. शहराच्या आराखड्यात शाळा, बाग, दवाखाना यांच्याबरोबर दुर्बल घटकांच्या घरांसाठीही जागा राखून ठेवता येते. पण महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायद्यात मुदत आहे. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपते. यासाठी कुणाला मोर्चा काढावा लागत नाही, ठराव करावा लागत नाही. नुसते स्वस्थ बसले तरी गरिबांची जागा हातची जाते.

पाचवी वाट आपल्याला बंद आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. 2013 मध्ये राज्याने नियम केला की 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प करणाऱ्या बिल्डरने 20 टक्के घरे किंवा भूखंड अल्प उत्पन्न आणि दुर्बल घटकांसाठी ठेवावेत. छोटी, परवडणारी घरे, आणि ती म्हाडाच्या सोडतीतून मिळतात. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही ही तरतूद आहे. पण ती लागू केली गेली ती 10 लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकांना. पुणे, नाशिक, नागपूर त्यात येतात. अमरावती आणि अकोला येत नाहीत.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. अकोल्याची हद्द 2016 मध्ये वाढली, आजूबाजूची 24 गावे शहरात आली. अमरावती बडनेऱ्यापर्यंत आणि त्याच्याही पुढे पसरते आहे. शेतांचे लेआउट पडत आहेत, भाव चढत आहेत. नागपुरातल्या मोठ्या लेआउटमध्ये गरिबाचा पाचवा हिस्सा नियमाने ठेवावा लागतो, वऱ्हाडातल्या लेआउटमध्ये नाही. शहर लहान म्हणून गरिबी लहान होत नाही. उलट शहर वाढत असताना, जमीन अजून आवाक्यात असतानाच हा हिस्सा राखून ठेवणे सोपे असते. 10 लाखांचा आकडा गाठेपर्यंत राखायला जागाच उरणार नाही. ही मर्यादा खाली आणावी अशी मागणी अमरावती आणि अकोल्यातल्या लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात केली पाहिजे, आणि ती त्यांनी करावी म्हणून आपण त्यांना भाग पाडले पाहिजे.

बाबांच्या मोजपट्टीवर

धर्मशाळा म्हणजे घर नव्हे, हे खरे. धर्मशाळेत माणूस चार दिवस राहतो, घरात आयुष्य काढतो. तरीही बाबांच्या बांधकामातून चार गोष्टी निघतात आणि त्या आजच्या कोणत्याही घरकुल योजनेला लावून पाहता येतात.

ज्याला दुसरीकडे कुठेच दार नाही, त्याला पहिली जागा मिळते का? जमिनीचा कागद पक्का झाला आहे का? बांधणाऱ्याचा, देणाऱ्याचा किंवा त्याच्या नातलगांचा त्यात हिस्सा नाही ना? आणि बांधून झाल्यावर ती वास्तू झाडणारा, दुरुस्त करणारा, चालवणारा कोणी आहे का? या शेवटच्या प्रश्नापाशी खराटा येतो. बाबांच्या हाती खराटा होता तो उभे केलेले टिकावे म्हणून. जिथे काही उभेच केले नाही, तिथे एक दिवस रस्ता झाडून त्यांचे ऋण फिटत नाही.

लौकिक अर्थाने बाबांच्या हाती काहीच नव्हते. कर वसूल करण्याचा अधिकार नव्हता, नगररचना विभाग नव्हता, केंद्राचा निधी नव्हता, सहीला लागणारे अक्षरसुद्धा नव्हते. आपल्या महापालिकांकडे हे सगळे आहे. म्हणून या पुण्यतिथीला प्रत्येक वॉर्डातल्या बुद्धविहारात वंदनेनंतर अर्धा तास बसून आपल्या वस्तीची एक यादी करावी. किती घरांना पट्टा आहे, किती घरांना नाही, जागा नझूलची की पालिकेची, घरकुलाचे किती अर्ज कुठे अडले आहेत, आराखड्यात आपल्या भागात घरांसाठी राखलेली जागा कोणती आणि तिची मुदत कधी संपते. ही यादी पालिकेच्या आवक-जावक विभागात द्यावी आणि पोच घ्यावी. जिथे माहिती मिळत नाही तिथे माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकावा. पुढच्या 20 डिसेंबरला तीच यादी पुन्हा वाचावी आणि किती ओळी कमी झाल्या ते पाहावे.